तीन लाख पक्षी कुठे गेले?

विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यासारखे एक साधे गणित आहे. एका पक्ष्याची संख्या फार घटली आहे आणि ती वाढवायची आहे. त्यासाठी दोन मार्ग सुचतात. पहिल्या मार्गात पक्ष्यांची पैदास केंद्रात करायची, पिल्ले दाणापाणी देऊन वाढवायची आणि मोठी झाली की जंगलात सोडायची. दुसऱ्या मार्गात, जिथे थोडेफार रानपक्षी उरले आहेत तिथून काही पकडायचे आणि जिथून ते नाहीसे झाले आहेत तिथे नेऊन सोडायचे. पहिल्या मार्गाने सुमारे ८०० ठिकाणी मिळून ३ लाख ३० हजार पक्षी सोडले. दुसऱ्या मार्गाने ९६८ ठिकाणी मिळून सुमारे ३० हजारच सोडता आले. म्हणजे पहिल्या मार्गात दर ठिकाणी सरासरी चारशेच्या वर पक्षी, तर दुसऱ्या मार्गात जेमतेम एकतीस. मग कोणत्या मार्गाने पक्षी जास्त ठिकाणी टिकले असतील?

वर्गातली बहुतेक मुले पहिला मार्ग सांगतील. प्रत्यक्षात पहिल्या मार्गातले ७६० प्रयत्न फसले, तर दुसऱ्या मार्गातले ८०८ यशस्वी झाले. हे आकडे कल्पित नाहीत. अमेरिकेतील रानटर्की या पक्ष्याच्या पुनर्वसनाची जी पाहणी १९७९ साली प्रसिद्ध झाली, तिच्यातले ते आहेत. एवढे तीन लाख पक्षी गेले कुठे, आणि मूठभर पक्ष्यांनी रान कसे भरून काढले, हे समजून घ्यायचे तर आधी या पक्ष्याची ओळख करून घ्यायला हवी.

नावाचा घोळ

टर्की या पक्ष्याचा तुर्कस्तानाशी काहीही संबंध नाही. तो मूळचा उत्तर अमेरिकेचा. मेक्सिकोतील लोकांनी त्याला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी माणसाळवले. स्पॅनिश लोक सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात मेक्सिकोत पोचले, तेव्हा तिथल्या बाजारांत हा पक्षी विकला जात होता. त्यांनी तो युरोपात नेला. इंग्लंडमध्ये त्या काळी पूर्वेकडचा माल तुर्की व्यापाऱ्यांमार्फत येई. आफ्रिकेतील गिनी कोंबडीही अशाच वाटेने आली होती. दोन्ही पक्ष्यांची गल्लत झाली आणि नव्या पक्ष्याला ‘टर्की’ हे नाव चिकटले. लिनियसने १७५८ साली त्याला ‘मेलिॲग्रिस गॅलोपावो’ असे शास्त्रीय नाव दिले, त्यातही हा घोळ उतरला. ‘मेलिॲग्रिस’ हा गिनी कोंबडीसाठीचा ग्रीक शब्द आहे. गंमत म्हणजे खुद्द तुर्की भाषेत या पक्ष्याला ‘हिंदी’ म्हणतात, डच भाषेतले त्याचे नाव कालिकत बंदरावरून पडले आहे, आणि पोर्तुगीज त्याला ‘पेरू’ म्हणतात. अमेरिकेचा पक्षी कुठून आला हे कुणालाच नीट ठाऊक नव्हते.

आपल्याकडे तो गोव्यामार्गे आला. सन १६१२ मध्ये मुकर्रब खान याने गोव्याहून काही दुर्मिळ पशुपक्षी आणून बादशहा जहांगीराला नजर केले. त्यांत एक टर्की होता. त्याच्या डोक्याचा व मानेचा रंग क्षणाक्षणाला पालटतो, हे जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात बारकाईने नोंदवले आहे. त्याचा चित्रकार उस्ताद मन्सूर याने काढलेले या पक्ष्याचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

जहांगीराचे निरीक्षण अचूक होते. नर टर्कीच्या डोक्यावर व मानेवर पिसे नसतात. तिथल्या उघड्या कातडीत रक्ताचा पुरवठा कमीजास्त होतो, तसा तिचा रंग लाल, पांढरा आणि निळा असा बदलत जातो. विणीच्या काळात नर शेपटीचा पंखा उभारून, अंग फुगवून मादीपुढे मिरवतो. मोर आणि कोंबडी यांच्याच कुळातला हा पक्षी असल्याने हा थाट आपल्याला ओळखीचा वाटतो.

पक्षी आणि त्याचे रान

पाळीव टर्की जड आणि मंद असतो, त्यावरून रानटर्कीची कल्पना करू नये. रानातला नर साधारण ७ ते ११ किलो वजनाचा असतो, मादी त्याच्या निम्म्याने. एवढे वजन असूनही तो ताशी ४० किलोमीटर वेगाने धावतो आणि थोड्या अंतरापुरता ताशी ८० किलोमीटरपेक्षाही वेगाने उडतो. दिवसा तो जमिनीवर चरतो, पण संध्याकाळ झाली की उंच झाडावर रातथाऱ्याला जातो. त्याची नजर आणि श्रवणशक्ती दोन्ही तीक्ष्ण असतात.

या पक्ष्याला एकाच प्रकारचे रान पुरत नाही, ही त्याच्या अधिवासाची मुख्य गोष्ट आहे. रात्रीसाठी उंच, जुनी झाडे हवीत. हिवाळ्यात ओक, बीच यांसारख्या झाडांची कठीण कवचाची फळे हवीत, कारण बर्फाच्या दिवसांत तेच मुख्य अन्न असते. अंडी घालायला दाट झुडुपांचा आडोसा हवा, कारण मादी घरटे जमिनीवरच करते. पिल्लांसाठी मात्र गवताळ मोकळी जागा हवी. पहिले काही आठवडे पिल्लांना वाढीसाठी भरपूर प्रथिने लागतात आणि ती किड्यांतून मिळतात. असे किडे दाट सावलीच्या जंगलापेक्षा उन्हातल्या गवतात जास्त असतात. म्हणजे जुने जंगल, झुडुपे आणि कुरण हे सारे एकमेकांना लागून असले, तरच टर्कीचा संसार चालतो.

मादी साधारण दहा-बारा अंडी घालते आणि अठ्ठावीस दिवस उबवते. पिल्ले जन्मतःच डोळे उघडी असलेली आणि चालती असतात. दिवसभरातच ती आईच्या मागे घरटे सोडून निघतात. पण त्यांना पहिले दोन आठवडे नीट उडता येत नाही, त्यामुळे रात्री ती जमिनीवरच आईच्या पंखाखाली असतात. पाऊस आणि थंडी एकत्र आली की भिजून गारठलेली पिल्ले मरतात. रॅकून, कोल्हे, रानमांजरे, घुबडे टपलेली असतातच. या दोन आठवड्यांत जितकी पिल्ले वाचतील, तितकी त्या वर्षीची भर.

कोटीवरून हजारांवर

युरोपीय लोक येण्यापूर्वी उत्तर अमेरिकेत सुमारे एक कोटी रानटर्की असावेत असा एक अंदाज आहे. त्यांची घसरण दोन कारणांनी झाली. पहिले कारण बंदूक. मांसाच्या बाजारासाठी वर्षभर, विणीच्या काळातही, बेबंद शिकार होई. लाकडी ओंडक्यांचा खुराडाही वापरात होता. त्याच्या तळाशी एक चर खणून मक्याचे दाणे टाकत. दाणे टिपत पक्षी चरातून आत येई. मग सुटण्यासाठी मान वर करून छताशी धडपडत राही, पायाखालची वाट त्याला दिसत नसे. पक्षिचित्रकार ऑडुबॉन याने या सापळ्याचे वर्णन केले आहे. त्याच्या ‘बर्ड्स ऑफ अमेरिका’ या ग्रंथातले पहिलेच चित्र रानटर्कीचे आहे.

दुसरे कारण कुऱ्हाड. शेतीसाठी पूर्वेकडची जंगले तोडली गेली. जंगल गेले की फळे गेली आणि रातथाऱ्याची झाडेही गेली. कनेक्टिकटमधून टर्की १८१३ च्या सुमारास नाहीसा झाला, मॅसॅच्युसेट्समधून १८५१ च्या सुमारास. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणखी एक संकट आले. १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चेस्टनटच्या झाडांवर एक परकी बुरशी आढळली. पुढच्या चार-पाच दशकांत तिने अब्जावधी झाडे मारली आणि दरवर्षी हमखास फळ देणारे एक झाड पूर्वेकडच्या जंगलातून जवळजवळ पुसले गेले. १९२० पर्यंत टर्कीच्या मूळच्या ३९ राज्यांपैकी १८ राज्यांत तो उरला नव्हता. १९३० च्या दशकात एकूण किती पक्षी शिल्लक होते, याचे अंदाज तीस हजारांपासून दोन लाखांपर्यंत आहेत. जे होते ते डोंगराळ, दलदलीच्या, माणसाला पोचायला अवघड अशा जागी होते.

पैदास केंद्रांचा काळ

एकीकडे कायदे आले. १९०० सालच्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांचा राज्याराज्यांतला व्यापार बंद केला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचे उत्पन्न राज्यांच्या वन्यजीव कामासाठी मिळू लागले. पण पक्षी आणायचे कुठून? रानातला टर्की हाती लागणे फार कठीण होते. पैदास मात्र सोपी वाटत होती.

पेनसिल्व्हेनियाने १९२९ च्या सुमारास सरकारी टर्की केंद्र काढले. रानातच मोठे कुंपण घालून त्यात माद्या ठेवत. त्यांना उडून जाता येऊ नये म्हणून पंख छाटत. बाहेरचे रानटी नर कुंपणावरून उडून आत येत. अशा मीलनातून झालेली पिल्ले वाढवून जंगलात सोडली जात. मिसुरी राज्यानेही १९२५ ते १९४३ या काळात सुमारे चौदा हजार पक्षी सोडले. मॅसॅच्युसेट्सने १९११ ते १९६७ या काळात किमान नऊ वेळा प्रयत्न केला. पक्षी सोडले जात आणि थोड्याच काळात दिसेनासे होत.

मिसुरीत या अपयशाचे कारण शोधणारा एक तरुण जीवशास्त्रज्ञ होता. त्याचे नाव ए. स्टार्कर लिओपोल्ड. ‘गेम मॅनेजमेंट’ या १९३३ सालच्या प्रसिद्ध पुस्तकाचे लेखक आल्डो लिओपोल्ड यांचा हा मुलगा. त्याने अस्सल रानटी, पाळीव आणि संकरित अशा तीन प्रकारच्या टर्कींची तुलना केली आणि १९४४ मध्ये ‘काँडोर’ या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात निष्कर्ष मांडले.

बाहेरून संकरित पक्षी रानटी पक्ष्यासारखाच दिसे. आत मात्र फरक होता. शरीराच्या मानाने पाहिले तर रानटी पक्ष्याचा मेंदू, पीयूषिका ग्रंथी आणि अधिवृक्क ग्रंथी मोठ्या होत्या. अधिवृक्क ग्रंथीचा संबंध धोक्याच्या वेळी शरीराने चटकन सज्ज होण्याशी आहे, हे आपण शाळेत शिकवतो. संकरित माद्या विणीला लवकर लागत, त्यामुळे त्यांची पिल्ले कडक थंडीच्या तडाख्यात सापडण्याचा धोका वाढे. आणि सर्वांत महत्त्वाचा फरक वागण्यात होता. रानटी मादीने धोक्याची हाक दिली की तिची पिल्ले पांगतात आणि पालापाचोळ्यात जागच्या जागी निश्चल होतात. आईची पुढची हाक येईपर्यंत हलत नाहीत. पाळीव रक्ताच्या पिल्लांत हे वागणे ढिले पडलेले होते.

आईची हाक

आपल्या खेड्यांतल्या मुलांनी याचेच दुसरे रूप पाहिलेले असते. आकाशात घार दिसली की अंगणातली कोंबडी विशिष्ट आवाज काढते आणि पिल्ले आडोशाला पळतात. आवाजाचे हे नाते टर्कीत किती खोल आहे, हे १९६० मध्ये जर्मनीतील वोल्फगांग श्लाइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. ऐकू न येणाऱ्या टर्की माद्यांनी आपलीच पिल्ले शत्रू समजून मारली. पिल्लू समोर दिसत होते, पण त्याची चिवचिव कानी पडत नव्हती, म्हणून मादीच्या लेखी ते पिल्लू नव्हतेच.

आता पैदास केंद्रातल्या पिल्लाचा विचार करा. त्याला दाणा माणसाच्या हातून मिळतो, म्हणजे माणूस दिसला की पळायचे नाही हे ते शिकते. घुबड आल्यावर काय करायचे, हिवाळ्यात फळे कुठे शोधायची, रात्री कोणत्या फांदीवर बसायचे, हे दाखवणारी आई त्याच्याजवळ नसते. शिवाय केंद्रात निवड उलटी चालते. बंदिवासात बिचकणारे, कुंपणावर आपटून घेणारे पक्षी मरतात किंवा अंडी घालत नाहीत. शांत, धीट पक्ष्यांचीच पिल्ले पुढे जातात. रानात जो गुण जीव वाचवतो, तो केंद्रात पिढीगणिक गाळला जातो. रक्तातला रानटीपणा आणि शिकण्यातून आलेला रानटीपणा, दोन्ही एकदमच कमी होतात.

लिओपोल्डचा निबंध १९४४ चा. तरीही पेनसिल्व्हेनियाचे केंद्र १९८० च्या सुमारापर्यंत चालू होते. यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. केंद्रे उभारण्यात पैसा गुंतला होता. ‘या वर्षी इतके हजार पक्षी सोडले’ हा आकडा अहवालात ठळक दिसे आणि शिकाऱ्यांनाही तो आवडे. सोडलेल्यांपैकी पुढच्या वसंत ऋतूत किती उरले, त्यांची पिल्ले किती, हे मोजणे मात्र कष्टाचे होते. जे मोजायला सोपे तेच मोजले गेले.

तोफेचे जाळे

दुसरा मार्ग खुला झाला तो एका साधनामुळे. हर्बर्ट डिल आणि हॉवर्ड थॉर्न्सबेरी यांनी बदकांसारखे पाणपक्षी पकडण्यासाठी तोफेने फेकायचे जाळे तयार केले आणि १९५० मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी दक्षिण कॅरोलायनातील फ्रान्सिस मॅरियन राष्ट्रीय वनात ते टर्कीसाठी वापरले गेले. रीत सोपी पण चिकाटीची आहे. मोकळ्या जागेत रोज एकाच ओळीत मका टाकायचा. पक्षी सरावले की ओळीच्या कडेला जाळे घडी घालून ठेवायचे आणि पाल्याने झाकायचे. जाळ्याची पुढची कड छोट्या तोफांमधल्या वजनांना बांधलेली असते. माणूस दूर आडोशाला बसतो. माना खाली घालून सारे पक्षी खात आहेत असे पाहून तो विजेची कळ दाबतो. तोफा उडतात आणि पक्षी झेप घेण्यापूर्वीच जाळे थव्यावर पडते.

पकडलेले पक्षी खोक्यांत घालून त्याच दिवशी किंवा लवकरात लवकर नव्या रानात सोडत. मिसुरीने पैदासीचा नाद सोडून १९५४ पासून हे काम हाती घेतले आणि १९७९ पर्यंत सुमारे २६०० पक्षी राज्यातच इकडून तिकडे हलवले. त्यापूर्वी बंद केलेली शिकार १९६० मध्ये थोड्या भागात पुन्हा खुली करता आली. पुढे मिसुरीने इतर राज्यांनाही टर्की दिले आणि त्यांच्या बदल्यात नाहीशी होत आलेली पाणमांजरे आपल्या नद्यांसाठी मिळवली. व्हरमाँटमध्ये १९६९-७० साली न्यूयॉर्कहून आणलेले फक्त ३१ पक्षी सोडले. मॅसॅच्युसेट्समध्ये १९७२-७३ साली ३७ पक्षी सोडले. १९७८ पर्यंत त्या ३७ चे सुमारे एक हजार झाले होते. नंतर त्यांतूनच पक्षी पकडून राज्याच्या इतर भागांत सोडले गेले. आता बॉस्टनच्या उपनगरांतल्या रस्त्यांवरही टर्की फिरताना दिसतात.

रानही बदलले होते

सारे श्रेय जाळ्याला देणे मात्र बरोबर नाही. व्हरमाँट आणि मॅसॅच्युसेट्समध्ये एकोणिसाव्या शतकात जंगल तोडून केलेली शेते पुढे शेतकऱ्यांनी सोडून दिली, कारण मध्य-पश्चिमेकडची सपाट, सुपीक जमीन अधिक किफायतशीर ठरली. सोडलेल्या शेतांत आधी गवत, मग झुडुपे आणि मग झाडे उगवली. १९७० पर्यंत तिथे जुने जंगल, झुडुपे आणि उरलेली कुरणे असा जो मेळ जमला, तोच टर्कीला हवा असतो. मिसुरीच्या ओझार्क डोंगरातही तोडलेले ओक पुन्हा वाढले होते. पूर्वी तिथे डुकरे मोकाट सोडत आणि ती ओकची फळे फस्त करत. तेही हळूहळू थांबले.

म्हणजे तीन गोष्टी जुळाव्या लागल्या: शिकारीवर नियंत्रण, परत आलेले रान, आणि त्या रानात जगायचे कसे हे जाणणारे पक्षी. पहिल्या दोन गोष्टी असूनही तिसरी नसेल तर काय होते, हे सुरुवातीच्या गणिताने दाखवले. तिसरी गोष्ट मिळू शकली याचे कारण, कुठल्यातरी दलदलीत आणि डोंगरकपारीत थोडे अस्सल रानटर्की शिल्लक होते. ते थोडे पक्षीही संपले असते, तर तोफेचे जाळे कितीही चांगले असून काय उपयोग होता?

गोष्ट संपलेली नाही

या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील रानटर्कींची संख्या सत्तर लाखांच्या आसपास पोचली. अलास्का सोडून सर्व राज्यांत, म्हणजे जिथे तो मुळात कधी नव्हता अशा काही राज्यांतही, तो आता आहे. पण त्यानंतर आग्नेयेकडील अनेक राज्यांत आणि खुद्द मिसुरीत संख्या घटू लागली. तिथे दर मादीमागे जगणाऱ्या पिल्लांचे प्रमाण पूर्वीपेक्षा कमी झाले आहे. कुरणे व झुडुपी रान कमी होणे, घरटी लुटणारे प्राणी वाढणे, वसंतातील हवामान, शिकारीच्या हंगामाची वेळ, अशा अनेक कारणांचा शोध चालू आहे. संशोधक आता माद्यांच्या पाठीवर उपग्रहाद्वारे माग देणारी छोटी यंत्रे बसवून घरटी आणि पिल्ले यांचा रोजचा हिशेब ठेवतात. म्हणजे पूर्वी जे मोजायचे राहिले होते, तेच आता मोजले जात आहे.

वर्गात हा विषय घेताना सुरुवातीचे गणित मुलांना जरूर घालावे आणि उत्तर लगेच सांगू नये. कोंबडीची पिल्ले ज्यांच्या घरी असतील त्या मुलांना आठवडाभर एक काम द्यावे. कोंबडी किती प्रकारचे आवाज काढते आणि प्रत्येक आवाजाला पिल्ले काय करतात, याची नोंद ठेवायची. खाद्य सापडल्याचा आवाज, घार दिसल्याचा आवाज, मांजर दिसल्याचा आवाज वेगवेगळे आहेत का? खुराड्यात आईविना वाढवलेली, विकत आणलेली पिल्ले कुणाकडे असतील, तर त्यांच्याशी तुलना करायची. वहीतल्या या नोंदी समोर आल्या की ते तीन लाख पक्षी कुठे गेले, हे मुले आपणच सांगू लागतील.